आधी यादीत नाव, मग बोटाला शाई



मतदानाच्या दिवशी गावच्या शाळेच्या पटांगणात एक देखावा हटकून दिसतो. सकाळची भाकरी-कालवणं उरकून, गुरांना वैरण टाकून घरची सून सासूबरोबर रांगेत येऊन उभी राहते. तासाभराने तिचा नंबर लागतो. अधिकारी यादीवरून बोट फिरवतात, पुन्हा एकदा फिरवतात आणि मान हलवतात. "बाई, तुमचं नाव या यादीत नाही." सासूबाईंचे नाव आहे, मामंजींचे आहे, तीन वर्षांपूर्वी वारलेल्या आजेसासऱ्यांचेसुद्धा आहे. पण समोर जितीजागती उभी असलेल्या सुनेचे नाही. ती पदर सावरते आणि काही न बोलता घरची वाट धरते.

मग घरातले कर्ते पुरुष धावपळ करतात. कोणी पुढाऱ्याला गाठतो, कोणी तहसील कचेरीत फोन लावतो. उपयोग काय? वाफसा निघून गेल्यावर तिफण बाहेर काढली, तर बी उगवायचे नाही. मताचेही तसेच आहे. ते पेरायचे असते यादी तयार होताना; मतदानाच्या दिवशी फक्त कापणी.

आपल्या नगर जिल्ह्यातला शेतकरी याद्यांच्या बाबतीत काही अडाणी नाही. साखर कारखान्याच्या सभासद यादीत बापाच्या जागी वारस म्हणून आपले नाव लागले की नाही, सोसायटीच्या यादीत थकबाकीदार म्हणून आपल्याला वगळले तर नाही ना, हे तो डोळ्यांत तेल घालून पाहतो. विधानसभेची यादी मात्र "सरकार बघेल" म्हणून सोडून देतो. वास्तविक हीच यादी पुढे ग्रामपंचायत, पंचायत समिती आणि जिल्हा परिषदेच्या निवडणुकीला प्रभागवार व गटवार फोडून वापरली जाते. म्हणजे इथे नाव नसले, की सरपंच निवडतानाही हात रिकामेच.

यादी बंद कधी होते?

२०२४ सालचेच उदाहरण घ्या. महाराष्ट्र विधानसभेच्या २८८ जागांची निवडणूक १५ ऑक्टोबरला जाहीर झाली. उमेदवारी अर्जांची शेवटची तारीख होती २९ ऑक्टोबर. मतदान २० नोव्हेंबरला आणि मोजणी २३ नोव्हेंबरला झाली. कायदा असे सांगतो, की उमेदवारी अर्जांची मुदत संपली की निवडणूक पार पडेपर्यंत यादीत एकही नाव घालता येत नाही की काढता येत नाही. शिवाय नव्या अर्जावर हरकत घ्यायला लोकांना काही दिवस द्यावे लागतात. म्हणून अर्ज त्या तारखेच्या आठ-दहा दिवस आधी पोचलेला हवा. प्रचाराचा भोंगा गावात शिरतो तेव्हा यादीचे दार बहुधा लागलेले असते.

मग अर्ज करायचा कधी? वर्षात केव्हाही. पूर्वी १ जानेवारी ही एकच तारीख धरली जाई. त्या दिवशी अठरा पूर्ण नसतील, तर मुलाला वर्षभर थांबावे लागे. २०२२ पासून १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर अशा चार तारखा धरतात. सतरा पूर्ण झालेल्या मुलामुलींना आगाऊ अर्जही करता येतो. अठराव्या वर्षी मत हा अधिकार तरी कुठे फार जुना आहे? १९८९ पर्यंत त्यासाठी एकवीस वर्षे लागत.

नागापूरचा प्रश्न

नगर शहरातून मनमाडच्या रस्त्याला लागून सीना नदीचा पूल ओलांडला, की नागापूर येते. एके काळचे हे शेतीचे गाव. औद्योगिक वसाहत आली, कारखान्यांचे भोंगे वाजू लागले आणि गावाचा नूर पालटला. आज नागापूर महानगरपालिकेच्या हद्दीत आहे. इथल्या खोल्यांमधून खेड्यापाड्यांतून आलेली किती तरी कुटुंबे राहतात. तुमच्यापैकी अनेकांचा भाऊ, पुतण्या किंवा जावई तिथे पाळीवर कामाला असेल. त्याचे नाव कुठे असावे, गावी की नागापुरात?

कायद्याचे उत्तर सरळ आहे. माणूस नेहमी जिथे राहतो, तिथे त्याचे नाव. गावाकडे वडिलोपार्जित घर आहे, सातबाऱ्यावर नाव आहे, एवढ्यावरून तो तिथला मतदार ठरत नाही. तो बायकापोरांसह नागापुरात बिऱ्हाड करून राहिला असेल, तर त्याने नाव नागापूरला आणावे. दोन्हीकडे नाव ठेवणे मात्र गैर आहे. "ग्रामपंचायतीला गावी मत देऊ, विधानसभेला इकडे देऊ," असा हिशेब काही जण करतात. एका माणसाचे नाव एकाच यादीत आणि एकदाच असले पाहिजे, आणि अर्जात जाणूनबुजून खोटे लिहून दिले तर एक वर्षापर्यंत कैदेची किंवा दंडाची शिक्षा होऊ शकते.

आणखी एक घोळ इथे होतो. तालुका आणि मतदारसंघ एकच, असे समजून लोक चालतात. नगर तालुक्याचेच बघा. शहराचा मतदारसंघ वेगळा, आणि तालुक्यातली खेडी राहुरी, पारनेर आणि श्रीगोंदा अशा तीन मतदारसंघांत वाटली गेली आहेत. चार मैलांवरच्या दुसऱ्या गावात राहायला गेलात तरी आमदार बदलू शकतो. म्हणून घर बदलले की यादी बदलायची, हे ध्यानात ठेवा.

कारखान्यात काम करणाऱ्यांनी एवढेही जाणून असावे, की मतदानाच्या दिवशी मतदाराला भरपगारी सुट्टी देण्याची तरतूद कायद्यात आहे. रोजंदारीवरच्या माणसालाही ती लागू आहे. ज्याच्या गैरहजेरीने धोका किंवा मोठे नुकसान होईल, अशा कामांचा तेवढा अपवाद. तेव्हा "पाळी होती म्हणून मत राहिले" असे म्हणायच्या आधी साहेबांकडे सुट्टी मागून बघावी.

लेकी-सुनांची नावे

देशाची पहिली सार्वत्रिक निवडणूक १९५१-५२ मध्ये झाली. याद्या करायला माणसे घरोघर गेली, तेव्हा अनेक बायकांनी आपले नावच सांगितले नाही. "अमक्याची आई", "तमक्याची बायको" एवढेच लिहून घ्या म्हणाल्या. अशा नोंदी चालणार नाहीत असे निवडणूक आयोगाने ठरवले आणि सुमारे २८ लाख स्त्रियांची नावे यादीतून गळाली. ही मुख्यतः उत्तरेकडच्या प्रांतांतली गोष्ट. पण मत गेले ते नाव न सांगितल्यामुळे, हा धडा सगळ्यांनाच लागू आहे.

आज बायका नाव सांगतात. गळती होते ती लग्नानंतर. मुलगी सासरी गेली, की रेशनकार्ड आणि बँकेचे पासबुक यथावकाश बदलते, यादीतले नाव मात्र माहेरीच राहते. यासाठी अर्ज क्रमांक ८ भरायचा. पत्ता बदलणे, नावातली किंवा वयातली चूक सुधारणे, हरवलेले ओळखपत्र पुन्हा घेणे, सगळे याच अर्जावर होते. ओळखपत्राचा क्रमांक तोच राहतो. सासूबाईंनो, सून घरात आली की ओटी भरता, तसा महिना-दोन महिन्यांत हा अर्जही भरून घ्या.

आणि हा हक्क शोभेचा नाही. बाजार समित्यांचा १९६३ चा कायदा, मागेल त्याला काम देणारा १९७७ चा रोजगार हमी कायदा, वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतका हक्क देणारी १९९४ ची दुरुस्ती, हे सारे आपल्या राज्याच्या विधिमंडळात झाले. तिथे कोण बसणार, हे ठरवताना घरातल्या बायकांची मते कमी का असावीत?

कोणता अर्ज कशासाठी?

पहिल्यांदाच नाव घालायचे असेल तर अर्ज क्रमांक ६. त्याला फोटो, वयाचा दाखला आणि पत्त्याचा पुरावा जोडायचा. वयासाठी जन्मदाखला, आधार किंवा दहावीचे प्रमाणपत्र चालते. पत्त्यासाठी आधार, पासबुक, वीजबिल, इतकेच काय, जमिनीचा महसुली उताराही चालतो. घरातले कोणी वारले असेल किंवा कायमचे गाव सोडून गेले असेल, तर अर्ज क्रमांक ७ भरून नाव कमी करून घ्यावे. वारलेल्या माणसाचे नाव यादीत राहिले, की त्या नावावर दुसऱ्याच कोणाचा हात पडायची भीती.

अर्ज तुमच्या केंद्रस्तरीय अधिकाऱ्याकडे द्यायचा. ही व्यक्ती बहुधा तुमच्या ओळखीचीच असते: शाळेतले गुरुजी, अंगणवाडीच्या ताई किंवा तलाठी. तहसील कचेरीतही अर्ज घेतात. मुलांना मोबाईलवरून भरता येत असेल तर तसाही चालतो. १९५० या क्रमांकावर फोन करून चौकशी करता येते. मात्र अर्ज दिला की पोच घेतल्याशिवाय उठू नका. अर्ज नामंजूर झाला, तर पंधरा दिवसांत जिल्हाधिकाऱ्यांकडे अपील करता येते.

ऊसतोडीला जाणाऱ्यांसाठी

पाथर्डी, शेवगाव, जामखेडकडची कुटुंबे दिवाळीनंतर कोयते घेऊन कारखान्यांवर जातात. २०२४ साली गाळपाचा हंगाम १५ नोव्हेंबरपासून आणि मतदान २० नोव्हेंबरला. म्हणजे टोळी फडात आणि मत गावात. या बांधवांसाठी एक गोष्ट ठळकपणे सांगायची आहे. पोटासाठी चार-सहा महिने बाहेर गेल्याने तुमचा गावचा रहिवास संपत नाही. घर बंद दिसते एवढ्या कारणाने "हे इथे राहत नाहीत" असे कोणी ठरवू लागले, तर हरकत घ्या. जाण्यापूर्वी केंद्रस्तरीय अधिकाऱ्याला भेटून "आम्ही हंगामाला चाललो, पाडव्याच्या सुमारास परत येऊ" असे सांगून जा. टपालाने मत पाठवायची सोय अशा मजुरांना नाही. म्हणून मुकादमाकडून उचल घेतानाच मतदानाच्या दिवशी गावी येण्याचे बोलून ठेवा.

एवढ्या एका मताने काय होते?

हा प्रश्न पारावर नेहमी निघतो. त्याला आकड्यांनीच उत्तर देऊ. २०२४ मध्ये राज्यात सुमारे ९ कोटी ७० लाख मतदार होते आणि मतदान केंद्रे एक लाखावर. म्हणजे एका केंद्रावर सरासरी साडेनऊशेच्या आसपास नावे. आता आपल्याच जिल्ह्यातल्या कोपरगावची २०१९ ची निवडणूक आठवा. तिथे निकाल लागला ८२२ मतांनी, म्हणजे एका केंद्राच्या यादीपेक्षाही कमी फरकाने. २०२४ ला कर्जत-जामखेडमध्ये फरक होता १,२४३ मतांचा. भंडारा जिल्ह्यातल्या साकोलीत २०८, आणि मालेगाव मध्यमध्ये अवघ्या १६२ मतांचा. कोण जिंकले, कोण हरले, हा आपला विषय नाही. पण एखाद्या गावात यादीतून राहून गेलेल्या सुना, अठराव्या वर्षात आलेली पोरे आणि फडावर गेलेले तोडकरी यांची बेरीज करून पाहा. १६२ चा आकडा गाठायला किती वेळ लागेल?

मतदानाच्या दिवशी

मतदार ओळखपत्र बरोबर न्या. ते सापडत नसेल तर आधारकार्ड, रोजगार हमीचे जॉबकार्ड, फोटो असलेले बँकेचे किंवा पोस्टाचे पासबुक, यांपैकी एक चालते. घरपोच मिळालेली मतदार चिठ्ठी ही ओळखपत्र नव्हे. तिचा उपयोग यादीतला क्रमांक शोधण्यापुरता. उलट, ओळखपत्र खिशात आहे पण यादीत नाव नाही, तर मत देता येत नाही.

आत गेल्यावर नाव तपासतात, बोटाला शाई लावतात, सही किंवा अंगठा घेतात. मग यंत्रावर आपल्या उमेदवारासमोरचे बटण दाबायचे. शेजारच्या काचेत चिठ्ठी सात सेकंद दिसते. तिच्यावरचे नाव आणि निशाणी पाहूनच बाहेर या. वेळ संपताना रांगेत उभे असलेल्या प्रत्येकाला मत देता येते, तेव्हा रांग सोडू नका. तुमच्या नावावर आधीच कोणी मत टाकून गेले असेल, तर भांडत बसण्यापेक्षा केंद्राध्यक्षांकडे "प्रदत्त मत" मागा. ओळख पटली की ते कागदी मतपत्रिका देतात. हे मत नेहमीच्या मोजणीत धरत नाहीत, पण वाद कोर्टात गेला तर त्याचा पुरावा राहतो.

घरात पंच्याऐंशी वर्षांपुढचे वृद्ध किंवा चाळीस टक्के किंवा त्याहून अधिक अपंगत्व असलेले कोणी असेल, तर अर्ज क्रमांक १२-ड भरून घरबसल्या मत देता येते. निवडणुकीची अधिसूचना निघाल्यापासून पाच दिवसांत हा अर्ज द्यावा लागतो.

वाचकहो, आता एक काम करा. येत्या रविवारी संध्याकाळी दिवेलागणीनंतर घरातली सगळी माणसे एकत्र बसा. अठरा पूर्ण झालेल्या प्रत्येकाचे नाव कागदावर लिहा. थोरल्या सुनेचे, धाकटीचे, नागापूरला कामाला असलेल्या भावाचे आणि म्हाताऱ्या आत्याबाईंचेही लिहा. सोमवारी तो कागद घेऊन गुरुजींकडे किंवा अंगणवाडीच्या ताईंकडे जा आणि एकेक नाव यादीशी ताडून पाहा. जे सापडणार नाही त्याचा अर्ज तिथेच भरा. पुढच्या निवडणुकीला तुमच्या घरची सून रांगेतून परत येईल, ती बोटाला शाई लावूनच.