पवनार येथील शिल्पसंग्रह व प्रवरपुराचा प्रश्न

वर्धा जिल्ह्यात संग्रहालय म्हटले म्हणजे प्रथम नाव निघते ते वर्ध्याच्या मगनसंग्रहालयाचे. मगनलाल गांधी यांच्या स्मरणार्थ स्थापिलेल्या या संस्थेचे उद्घाटन डिसेंबर 1938 मध्ये महात्माजींच्या हस्ते झाले. चरखे व ग्रामोद्योगाची साधने अभ्यासणारास तेथे भरपूर सामग्री आहे. परंतु ताम्रपट व मूर्ती यांत रमणाऱ्या वाचकाने नागपूरच्या रस्त्याने थोडे पुढे, धाम नदीच्या काठी पवनारास जावे. तेथील संग्रहास संग्रहालय असे कोणी म्हणत नाही. तो विनोबांच्या परमधाम आश्रमात आहे.

विनोबा 1938 साली येथे राहावयास आले. पुढे आवारात खणताना जुनी शिल्पे निघाली. त्यांतील एकास विनोबांनी राम-भरतभेट मानून त्याची स्थापना केली. शिल्पे पूजास्थानी गेल्यामुळे ती विखुरली नाहीत, हा लाभ मोठाच. मात्र कोणता पाषाण कोणत्या थरातून निघाला, हे कुदळीच्या खणतीत कळत नाही.

या शिल्पांस महत्त्व आले ते महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांच्या मतामुळे. हिंगणघाट तालुक्यातील जांब येथील ताम्रपट द्वितीय प्रवरसेनाच्या 2 ऱ्या राज्यवर्षाचा असून तो नंदिवर्धनाहून दिला आहे. 11 व्या वर्षाचा बेलोरा ताम्रपटही तेथूनच. 18 व्या वर्षाचा चम्मक ताम्रपट मात्र प्रवरपुराहून निघाला. म्हणजे मधल्या सात वर्षांत राजधानी हलली. ती पवनारास आली व येथील शिल्पे रामायणातील प्रसंगांची होत, असे मिराशींनी प्रतिपादिले. सेतुबंध या प्राकृत रामकाव्याचे कर्तृत्व परंपरेने प्रवरसेनाकडेच दिले आहे, हे येथे ध्यानात घ्यावे.

हे मत सर्वांस मान्य नाही. रामटेकजवळील मनसर येथे 1997 नंतर जी उत्खनने झाली त्यांवरून कित्येक विद्वान प्रवरपूर तेथेच नेतात. मांढळ ताम्रपटातील प्रवरेश्वर-देवकुलस्थान मनसरचे असावे, हे आम्हांस ग्राह्य वाटते. परंतु शासने देवकुलस्थान व पुर अशी दोन निराळी नावे देतात. देऊळ सापडले म्हणून नगरही तेथेच होते, असे त्यावरून सिद्ध होत नाही.

पवनारास शास्त्रीय उत्खनन 1967 साली शां. भा. देव व म. के. ढवळीकर यांनी केले. त्यात वाकाटकपूर्व काळापासूनची वस्ती आढळली. त्या अहवालाशी ताडून पाहता येईल अशी आश्रमातील प्रत्येक शिल्पाची मापे, पाषाणाची जात, छायाचित्र व सापडल्याची जागा यांची यादी संशोधकांच्या हाती हवी. 1959 पासून तेथे ब्रह्मविद्यामंदिर आहे. तेथील भगिनींची अनुमती घेऊन, पूजेची वेळ टाळून हे काम करावे.