कळ, अक्षर आणि आज्ञा : कळफलकावर लक्ष ठेवणाऱ्या आज्ञावलीचे स्वरूप

लातूर तालुक्यातील मुरुड या गावाचे नाव इनस्क्रिप्ट मांडणीने संगणकावर लिहावयाचे झाल्यास पाच कळा दाबाव्या लागतात. रोमन अक्षरांनी त्या ओळखावयाच्या तर सी, जी, जे, पुन्हा जी, आणि शेवटी डावा चौकोनी कंस. पडद्यावर म, उकार, र, उकार, ड अशी चिन्हे उमटतात आणि आपण 'मुरुड' लिहिले असे म्हणतो. परंतु कळफलकाकडून यंत्रास जे कळते त्यात मही नाही आणि सीही नाही. तेथे पोहोचतात ते केवळ 46, 34, 36, 34 आणि 26 हे क्रमांक. लिनक्स प्रणालीच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्ये, प्रत्येक कळेला तिच्या स्थानावरून असा एक क्रमांक दिलेला आहे. कोणी हे नाव 'मुरूड' असे दीर्घ ऊकाराने लिहिले, तर दुसऱ्या 34 च्या जागी 20 येईल. ऱ्हस्वदीर्घाचा वाद यंत्राच्या दृष्टीने एवढाच! हे मुरुड मराठवाड्यातील की जंजिऱ्याजवळचे, हा प्रश्न तर त्याच्यापुढे उभाच राहत नाही.

कळ दाबणे ही एक घटना आणि ती सोडणे ही दुसरी. प्रत्येक घटनेच्या नोंदीत चार गोष्टी असतात : वेळ, प्रकार, क्रमांक आणि मूल्य. दाबल्याचे मूल्य 1, सोडल्याचे 0, आणि कळ दाबून धरली असता होणाऱ्या पुनरावृत्तीचे 2. तेव्हा वरील पाच कळांच्या किमान दहा घटना होतात. कळफलकावर लक्ष ठेवून आज्ञा चालविणारी जी पार्श्ववर्ती आज्ञावली असते, तिचे सारे कार्य या घटनांवर आधारलेले आहे.

अशा आज्ञावलीस इंग्रजीत 'डीमन' म्हणतात. 1963 च्या सुमारास मॅसॅच्युसेट्स तंत्रविद्या संस्थेतील प्रोजेक्ट मॅकच्या मंडळींनी हे नाव रूढ केले. मॅक्सवेल या भौतिकशास्त्रज्ञाने 1867 मध्ये कल्पिलेला, रेणूंची निवड करणारा 'डीमन' त्यांच्या मनात होता. आपल्याकडील वेताळाशी त्याचा काही संबंध नाही. दाराशी बसून घंटेची वाट पाहणारा गडी ही उपमा अधिक जुळेल. घंटा वाजेपर्यंत त्याला काम नसते. तसेच ही आज्ञावलीही घटना येईपर्यंत निद्रिस्त असते आणि प्रक्रियकाचा वेळ जवळजवळ घेत नाही. घटना आली की ती आपल्या नोंदवहीत पाहते. जुळणी सापडल्यास स्वतःची एक प्रतिप्रक्रिया निर्माण करते आणि त्या प्रतीच्या जागी नेमलेली आज्ञा चालू करून देते. स्वतः मात्र ती पुन्हा ऐकण्यास मोकळी होते. आज्ञा तिने स्वतःच चालविली असती, तर ती संपेपर्यंत पुढच्या कळांकडे लक्ष देता आले नसते. येथे नवशिक्याकडून एक चूक हटकून घडते. मूल्य 1 आणि मूल्य 2 यांत भेद केला नाही, तर कळ क्षणभर अधिक दाबली जाताच आज्ञा अनेकदा चालते. कर्नलच्या मूळ नियोजनात 250 मिलिसेकंदांनंतर पुनरावृत्ती सुरू होते आणि पुढे दर 33 मिलिसेकंदांनी एक घटना येते. म्हणजे सेकंदाला सुमारे तीस. आवाज वाढविण्याच्या कळेस हे इष्टच आहे, परंतु मुद्रणाची आज्ञा देणाऱ्या कळेस ते परवडणारे नाही.

आता ऐकावयाचे कोठे, हा खरा प्रश्न. ट्रिगरहॅपीसारखी आज्ञावली कर्नलकडून थेट घटना घेते. तिला मांडणीशी कर्तव्य नसते; पडद्यावर म उमटो की सी, तिच्या लेखी तो 46 च. दुसरा मार्ग वरच्या थरावर, म्हणजे एक्स या चित्रपटल-व्यवस्थेत ऐकण्याचा. एसएक्सएचकेडी ही आज्ञावली या जातीची. तिच्या नोंदवहीत कळा अक्षरनामाने लिहिल्या जातात आणि त्यांवरून कळक्रमांक शोधून तेवढ्याच कळसमूहांची मागणी ती एक्सकडे नोंदविते. (एक्समध्ये कर्नलच्या क्रमांकात 8 मिळविलेले असतात, म्हणून 46 तेथे 54 होतो.)

मराठी लिहिणाऱ्याची अडचण याच ठिकाणी उत्पन्न होते. इनस्क्रिप्ट मांडणी भारत सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने 1986 मध्ये प्रमाण ठरविली आणि 1991 च्या आयएस 13194 या भारतीय मानकात ती समाविष्ट झाली. तिच्यात सर्व भारतीय लिप्यांना एकच स्थानरचना आहे, हा तिचा मोठा गुण होय. परंतु ती चालू असताना 54 क्रमांकाच्या कळेचे अक्षर म होते. 'सुपर आणि सी' असा संकेत ज्या आज्ञावलीने केवळ चालू मांडणीतील अक्षराशी ताडून पाहिला, तिला तेथे सी सापडत नाही. मराठी लिहिता लिहिता दिलेली आज्ञा निष्फळ होते. मांडणी इंग्रजीवर नेताच तीच चालते, आणि दोष आपल्या बोटांचा असावा असे लिहिणाऱ्यास वाटू लागते. वस्तुतः दोष रचनेचा आहे. संकेत स्थानावर बांधला, अथवा अक्षर न जुळल्यास इतर मांडण्यांतही त्याचा शोध घेतला, तर ही अडचण राहत नाही. अनेक आज्ञावल्या असा शोध घेतात. ज्या घेत नाहीत, त्यांच्या कर्त्यांपुढे दोन लिप्यांत काम करणारा मनुष्य बहुधा कधी आलाच नसावा.

मग सर्वांनी कर्नलच्याच थरावर ऐकावे काय? लिपीच्या दृष्टीने ते सोयीचे आहे, पण त्याची किंमत मोठी आहे. तेथे ऐकणाऱ्यास एखादा संकेत तेवढा मिळत नाही, सर्वच कळा मिळतात. त्यांत परवलीचा शब्दही आला. या कारणास्तव सामान्यतः त्या फायली मूळ प्रशासक आणि 'इनपुट' नामक गट यांनाच खुल्या असतात. संकेत चालत नाहीत अशी तक्रार आली की वापरणाऱ्याचे नाव त्या गटात घालण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. तो स्वीकारल्यावर केवळ ती एक आज्ञावलीच नव्हे, तर त्या व्यक्तीच्या नावे चालणारी प्रत्येक आज्ञावली सर्व कळा वाचू शकते. विद्यार्थी आळीपाळीने जेथे बसतात अशा प्रयोगशाळेतील संगणकावर हा सल्ला मानू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. स्वतंत्र वापरकर्त्याच्या नावे एकच लहान आज्ञावली चालवावी आणि फायली उघडून झाल्यावर तिने आपले जादा अधिकार सोडून द्यावेत. ट्रिगरहॅपीत याची तरतूद आहे.

एक्सची स्थिती यापेक्षा फारशी निराळी नाही. मागणी नोंदविणारी आज्ञावली सभ्यपणे वागते खरी, पण एकाच पटलावरील दुसऱ्या आज्ञावलीने चोरून सर्व कळा पाहावयाच्या ठरविल्यास एक्स तिला सहसा अडवीत नाही. 2008 मध्ये आरंभिलेल्या वेलँड या योजनेने हा मार्ग बंद केला : कळ ज्या खिडकीसाठी आहे तिलाच ती दिली जाते, आणि सार्वत्रिक संकेतांची व्यवस्था पटलाचे संयोजन करणाऱ्या मुख्य आज्ञावलीकडे राहते. परिणामी एसएक्सएचकेडीच्या जातीच्या आज्ञावल्या तेथे अपेक्षेप्रमाणे चालत नाहीत. मराठी मांडणी चालू असता संकेत ओळखावयाचा की नाही, हेही आता ती संयोजक आज्ञावलीच ठरविते; म्हणून नवी प्रणाली बसविल्यावर दोन्ही मांडण्यांत प्रत्येक संकेत एकेकदा दाबून पाहावा.