ऑफिस टाइम : पाणी नको म्हणणारे झाड

मे महिन्याची सुटी संपवून आपण शाळेत परततो तेव्हा बागेकडे पाहवत नाही. शेवंती करपलेली असते, गुलाबाच्या काटक्या झालेल्या असतात. अशा वेळी भिंतीकडेच्या मुरमाड वाफ्यात एखादे झाड जमिनीला बिलगून हिरवे राहिलेले दिसते. सकाळी नऊ-दहाच्या सुमारास त्यावर गुलाबी, पिवळी, शेंदरी फुलेही उमलतात. कचेऱ्या उघडायच्या वेळेला उमलते म्हणून लोक त्याला 'ऑफिस टाइम' म्हणतात. काही जण चिनी गुलाब म्हणतात. पण ते चीनचे नाही आणि गुलाबही नाही. त्याचे माहेर दक्षिण अमेरिकेत, अर्जेंटिना, उरुग्वे आणि दक्षिण ब्राझीलच्या मुलखात. 'पोर्तुलाका ग्रँडिफ्लोरा' हे शास्त्रीय नाव त्याला १८२९ मध्ये हूकर यांनी दिले. आपली घोळीची भाजी याच प्रजातीतली, म्हणजे त्याची चुलत बहीणच.

सुटीत तग धरलेले हे झाड बहुतेक वेळा जुलैत मरते. एक तर पाऊस, त्यात उत्साही मुलांची रोजची झारी! देठ बुडाशी काळे पडतात, पिळपिळीत होतात आणि आठवड्यात वाफा रिकामा होतो. मुलांना वाटते, पाणी कमी पडले. म्हणून ती आणखी घालतात.

याचे कारण पानांत आहे. पान आडवे कापून भिंगाखाली पाहा. मध्यभागी पाणी साठवणाऱ्या मोठ्या पेशी दिसतील. झाडाला कार्बन डायऑक्साइड हवा असेल तर पर्णरंध्रे उघडावी लागतात, आणि रंध्रे उघडली की पाणी उडून जाते. ही अडचण सर्वच वनस्पतींची. ऊस आणि मका कार्बन डायऑक्साइड आधी पकडून एका जागी दाट करतात. त्यामुळे रंध्रे थोडीच उघडून भागते. निवडुंगवर्गातील झाडे रात्री तो वायू मॅलिक आम्लाच्या रूपात साठवतात आणि दिवसा रंध्रे मिटून वापरतात. ऑफिस टाइम आणि घोळ यांच्याकडे या दोन्ही युक्त्या आहेत. एरवी चालते उसाची पद्धत. पाणी तुटले की निवडुंगाची पद्धतही जोडीला येते. वनस्पतिसृष्टीत ही जोडी फार दुर्मिळ. घोळीत ही दोन्ही कामे एकाच पेशींत चालतात, असे अमेरिकेतील येल विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२२ मध्ये दाखवले.

हे वर्गात तपासता येते. घोळीच्या दोन कुंड्या घ्या. एकीला नेहमीसारखे पाणी द्या, दुसरीला दोन-तीन आठवडे अगदी नावापुरते. मग दोन्हींची सारख्या वजनाची पाने एकदा सूर्योदयाला आणि एकदा दुपारी चारला तोडून थोड्या पाण्यात वाटा. त्या रसात चुन्याची निवळी थेंबाथेंबाने घाला आणि दर वेळी रसाचा ठिपका हळदीच्या कागदावर टेकवा. कागद लाल व्हायला किती थेंब लागले ते लिहून ठेवा. घोळीत ऑक्झॅलिक आम्लही असते. म्हणून एकट्या आकड्याला अर्थ नाही; सकाळ आणि दुपार यांतला फरक पाहायचा. तहानलेल्या कुंडीत तो जास्त निघाला, तर रात्रीचा साठा सापडला म्हणायचे.

आता फुलांचे घड्याळ. ढगाळ, गार दिवशी कळ्या मिटलेल्याच राहतात. तेव्हा हे घड्याळ तासांवर नव्हे, मुख्यतः उष्णतेवर चालते. प्रकाशाचाही थोडा हात असतो. एक कुंडी उन्हात आणि एक गार खोलीत ठेवली तर मुलांना हे स्वतःच उमगेल. एकेरी फुलातील पुंकेसरांना झाडूच्या काडीने हलकेच स्पर्श करा. ते हलतात! काडी कोणत्या बाजूने लावली आणि केसर कोणीकडे झुकले, याची नोंद मुलांनी ठेवावी. मात्र केसर दुखावू नका. केसराच्या तंतूला इजा झाली की फुलात इथिलीन वायू वाढतो आणि फूल लवकर सुकते, असे १९९८ मध्ये जपानी संशोधकांना पोर्तुलाकाच्या संकरित जातीत आढळले. एरवीही फुलाचे आयुष्य एका दिवसाचेच.

लागवड अगदी सोपी. बोटभर लांबीच्या फांद्या तोडून अर्धा दिवस सावलीत ठेवा म्हणजे कापलेली जागा सुकेल. मग वाळूमिश्रित मातीत खोचा. दिवसाचे निदान सहा तास ऊन हवे. सावलीत झाड वाढते, पण फुलत नाही. माती बोटभर खोलीपर्यंत कोरडी झाल्याशिवाय पाणी नको. शेणखत बेताने, नाहीतर पालाच माजतो. पांढरा पिठ्या ढेकूण दिसला तर ओल्या फडक्याने पुसून काढावा. पावसाळ्यात चार फांद्या एका कुंडीत लावून वळचणीच्या आत, पण उजेडात ठेवाव्यात. बाहेरचा वाफा सडला तरी बियाणे हाताशी राहते.

बियाणे म्हटले खरे, पण रोपवाटिकेतल्या दुहेरी फुलांना बी क्वचितच धरते, कारण त्यांचे बरेचसे केसर पाकळ्या होऊन बसलेले असतात. एकेरी फुलाचे फळ मात्र मुलांना जरूर दाखवा. कुंकवाच्या करंड्यासारखे त्याचे झाकण आडवे निघते आणि आत मोहरीपेक्षाही बारीक, चकाकत्या करड्या बिया असतात. त्या कोरड्या वाळूत मिसळून मातीवर नुसत्या भुरभुरायच्या. वर माती लोटायची नाही. रुजायला त्यांना उजेड लागतो.