दोन जीबीचा संसार

यंदाच्या आषाढात माळवलीकडचे एक निवृत्त गुरुजी दुकानात आले. काखेत खताच्या गोणीत गुंडाळलेला लॅपटॉप, वरून सुतळी. मी म्हटलं, "गुरुजी, याला इरलं घातलंय की काय?" ते म्हणाले, "पोरी, नातीला अभ्यासाला पाहिजे. चालू होतो, पण उघडेस्तोवर चहा उकळून निवतो."

लोणावळ्यात स्टेशनजवळ माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. पावसाळ्यात इथे चपलांना बुरशी येते, तशी यंत्रांनाही दमट हवा लागते. मागचं झाकण काढलं, रॅमची पट्टी उपसली. तिचे सोनेरी दात काळवंडले होते. शाळकरी खोडरबराने घासले, कोरड्या फडक्याने पुसले, पट्टी परत बसवली. मावळात आणि आमच्या घाटमाथ्यावर निम्मे 'मेलेले' कॉम्प्युटर एवढ्यावर उठून बसतात. पण हा मेलेला नव्हता, दमलेला होता. पट्टी एकच, 2 जीबीची, आणि वर विंडोज 10. त्याचा सर्वसाधारण आधार मायक्रोसॉफ्टने 14 ऑक्टोबर 2025 लाच थांबवला. विंडोज 11 ला किमान 4 जीबी रॅम आणि टीपीएम 2.0 ही सुरक्षेची सोय लागते. ती या लॅपटॉपच्या नशिबी नाही.

"मग भंगारात?" गुरुजींनी विचारलं. मी खणातून विंडोजच्या जागी टाकायचं लिनक्स भरलेला पेनड्राइव्ह काढला.

लिनक्सचं एक बरं असतं. आतलं इंजिन, म्हणजे कर्नल, तेच ठेवून वरची बैठक बदलता येते. खालची पट्टी, मेन्यू, खिडक्यांच्या चौकटी, फाइली दाखवणारा प्रोग्रॅम, या सगळ्या मांडामांडीला डेस्कटॉप एन्व्हायर्नमेंट म्हणतात. ग्नोम आणि केडीई ही मोठी घराणी. हलक्यांपैकी एक्सएफसीई 1996 मध्ये ओलिव्हिए फुर्दाँ याने सुरू केलं. तैवानच्या हाँग जेन यी याने 2006 मध्ये एलएक्सडीई काढलं. त्याचीच पुढची पिढी म्हणजे एलएक्सक्यूटी. आइसडब्ल्यूएम तर नुसता खिडक्या सांभाळणारा गडी, बाकी संसार तुमचा तुम्ही मांडायचा.

गुरुजींच्या लॅपटॉपवर मी हौसेने तीन-चार बैठका आलटून पालटून मांडल्या. चालू करून काहीही न उघडता मोजलं. आइसडब्ल्यूएमवर दोनशे एमबीच्या आसपास, एलएक्सक्यूटीवर साडेचारशे, एक्सएफसीईवर साडेपाचशे. ग्नोमने हजाराचा आकडा ओलांडला. तुमच्या यंत्रावर आकडे वेगळे येतील, पण क्रम बहुधा हाच राहील. कारण साधं आहे. ग्नोमची बरीचशी वरची मांडणी जावास्क्रिप्टमध्ये लिहिलेली आहे, शिवाय शोधासाठी फाइलींची यादी करत बसणारे नोकर मागे राबत असतात. एक्सएफसीई सी भाषेतलं, नोकरचाकर कमी.

मोजताना गुरुजी खुर्ची ओढून शेजारी बसले होते. 'फ्री' ही आज्ञा दिली की रॅमचा हिशेब पडद्यावर येतो. मधे थोडा वेळ मी ब्राउझर उघडून बंद केला होता. त्यानंतर 'फ्री'च्या रकान्यात जेमतेम 180 एमबी दिसत होते. गणिताचे मास्तर ते, लगेच म्हणाले, "अगं, काही चालू नाही आणि दोन हजारातले एकशेऐंशीच उरले? हा कसला हलका?"

इथे भलेभले फसतात. मी रोज वडगावहून लोकलने येते. कान्हे, कामशेतपर्यंत गर्दी नसली की लोक शेजारच्या सीटवर पिशवी ठेवतात. सीट भरलेली दिसते, पण कोणी आलं की पिशवी मांडीवर. लिनक्स तेच करतो. एकदा वाचलेल्या फाइली मोकळ्या रॅममध्ये ठेवून देतो, पुन्हा लागल्या तर डिस्कवर जायला नको. कोणी जागा मागितली की पिशवी उचलतो. म्हणून 'फ्री'चा रकाना बघायचा नाही, 'अव्हेलेबल'चा बघायचा. 2014 पासून कर्नल स्वतःच हा अंदाज सांगतो. गुरुजींच्या यंत्रावर तिथे चौदाशे होते. "म्हणजे जागा आहे, पिशव्या पडल्यात," ते म्हणाले.

आता अडचणीची गोष्ट. एवढी काटकसर करून साडेचारशेवर आणलेली बैठक, आणि नातीने यूट्यूबवर धड्याचा व्हिडिओ लावला की ब्राउझर एकटाच सातआठशे एमबी खातो. दुसरी टॅब उघडली की आणखी. रॅम संपली की कर्नल काही सामान हार्ड डिस्कवर नेऊन ठेवतो. ती स्वॅप. गल्ल्यावर बसलेल्याने प्रत्येक गिऱ्हाइकाला गोदामात जाऊन माल आणावा तशी गत होते, आणि गुरुजींचा चहा निवतो. म्हणून 2 जीबीवर हलकी बैठक जीव वाचवते, 4 वर मदत करते आणि 8 वर तो निव्वळ आवडीचा प्रश्न आहे. आठ जीबीवाल्यांनी शंभर एमबीवरून भांडत बसू नये, असं माझं मत.

अति हलकं केल्याचा फटका मीही खाल्लाय. एका गिऱ्हाइकाला फक्त आइसडब्ल्यूएम देऊन पाठवलं होतं, दोनशे एमबीचा अभिमान बाळगून. तो भर पावसात तीनदा परत आला. वायफायचं चिन्ह दिसत नाही, पेनड्राइव्ह आपोआप उघडत नाही, बॅटरी संपताना काही सांगत नाही. चौथ्यांदा मराठी वेबसाइटवर अक्षरांच्या जागी चौकोन दिसले म्हणून आला. देवनागरी फाँटच टाकलेला नव्हता. तेव्हा मी लोहित देवनागरी टाकला. रेड हॅटने 2004 मध्ये मुक्त परवान्यावर दिलेल्या या फाँटमालेचं मूळ काम पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकचं. मराठी टायपिंगचंही असंच. इनस्क्रिप्ट कीबोर्ड पद्धतीला वेगळा प्रोग्रॅम चालवावा लागत नाही. इंग्रजी स्पेलिंगने मराठी लिहायचं तर मागे आणखी एक नोकर ठेवावा लागतो, त्याचाही वाटा रॅममध्ये.

हा काटकसरीचा खेळ आपल्याकडे नवा नाही. 2007 मध्ये घाटाखाली रायगड जिल्ह्यातल्या खैराटच्या एकशिक्षकी शाळेत 'एक मूल, एक लॅपटॉप' या योजनेची हिरवी-पांढरी यंत्रं आली होती. 256 एमबी रॅम, 433 मेगाहर्ट्झचा प्रोसेसर. त्यांच्यावरची शुगर नावाची बैठक एका वेळी एकच काम पूर्ण पडदाभर दाखवायची. पण तिचा बराच भाग पायथनमध्ये लिहिलेला, त्यामुळे लहान पोरांसाठीची ही साधी दिसणारी बैठक आतून बरीच खादाड निघाली. दिसायला साधं आणि खायला कमी, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

गुरुजींना मी शेवटी डेबियन नावाचं लिनक्स आणि त्यावर एलएक्सक्यूटी दिलं. सोबत झेडरॅम चालू केलं. पाहुणे गेल्यावर गोधड्या दाबून कपाटात कोंबाव्यात, तसं ते न लागणारं सामान रॅममध्येच आवळून ठेवतं, त्यामुळे गोदामाच्या फेऱ्या कमी होतात. खणात एक जुनी 4 जीबीची पट्टी पडली होती, ती रिकाम्या खाचेत बसवली. खरा फरक तिनेच पडला. हार्ड डिस्क काढून एसएसडी टाका असंही सांगितलं. ते दिवाळीत बघू म्हणाले.

एक सांगून ठेवते. यंत्र 32 बिटांचं असेल तर आधी विचारा. ऑगस्ट 2025 मध्ये आलेल्या डेबियन 13 ने अशा यंत्रांसाठी इन्स्टॉलर देणं बंद केलंय. आणि जुना लॅपटॉप दाखवायला आणाल तेव्हा चार्जर घेऊन या. निम्मे लोक विसरतात आणि भर पावसात पुन्हा घरी जातात.