मॉनिटर घेण्याआधी घरातला टीव्ही जोडून बघा

घरात लॅपटॉप एकच, त्यावर बारावीचे क्लासही चालतात आणि स्पर्धा परीक्षेची तयारीही. अशात लॅपटॉपचा पडदा फुटला किंवा बारीक अक्षरांनी मुलांचे डोळे दुखू लागले, की आपण लगेच नव्या मॉनिटरचा भाव विचारायला जातो. पण मोठा पडदा तर हॉलच्या भिंतीवर आधीच आहे. फुटलेल्या लॅपटॉपचं बाकीचं मशीन ठीक असेल, तर तोही टीव्हीवर चालतो.

आधी दोन्हीकडची पोर्टं बघू या. अलीकडच्या बहुतेक टीव्हींना आणि बऱ्याच लॅपटॉपना एचडीएमआय पोर्ट असतं. या एकाच केबलमधून चित्र आणि आवाज दोन्ही जातात. जुन्या संगणकाला फक्त निळं, १५ पिनांचं व्हीजीए असेल, तर त्यातून आवाज जात नाही. टीव्हीला व्हीजीए नसेल तर साधी जोडवायर चालत नाही, कन्व्हर्टर लागतो. नव्या लॅपटॉपला फक्त यूएसबी-सी असेल, तर ते पोर्ट चित्र पाठवतं का हे विचारूनच ॲडॅप्टर घ्या. प्रत्येक यूएसबी-सी ते करत नाही.

केबल लावली, की रिमोटवरचं सोर्स किंवा इनपुटचं बटण दाबून ज्या पोर्टात केबल आहे तोच एचडीएमआय क्रमांक निवडा. विंडोजच्या संगणकावर विंडोज आणि पी ही बटणं एकत्र दाबा. ‘डुप्लिकेट’ म्हणजे दोन्हीकडे तेच चित्र, ‘एक्स्टेंड’ म्हणजे टीव्ही हा जादाचा पडदा, आणि ‘सेकंड स्क्रीन ओन्ली’ म्हणजे फक्त टीव्ही.

आता नेहमीच्या तीन अडचणी. चित्र आलं पण आवाज लॅपटॉपमधूनच येतोय? खाली कोपऱ्यातल्या स्पीकरच्या चिन्हावर जाऊन टीव्ही निवडा. कडा कापल्या जातात, खालची पट्टी दिसत नाही? टीव्ही चित्र थोडं मोठं करून दाखवतोय. टीव्हीच्या पिक्चर मेनूत ‘जस्ट स्कॅन’ किंवा ‘स्क्रीन फिट’ असं काही सापडेल, ते लावा. माउस हलवल्यावर बाण उशिरा सरकतो? ‘गेम मोड’ किंवा ‘पीसी मोड’ चालू करा.

अक्षरांबद्दलही थोडं. ३२ इंची बरेच एचडी रेडी टीव्ही १३६६ बाय ७६८ ठिपक्यांचेच असतात. त्यावर लेक्चर छान दिसतं, पण जवळ बसून तासन्‌तास टायपिंग केलं तर अक्षरं फाटल्यासारखी वाटतात. फुल एचडी म्हणजे १९२० बाय १०८० असेल तर बरं पडतं. डिस्प्ले सेटिंगमध्ये ‘रेकमेंडेड’ लिहिलेलं रिझोल्यूशन ठेवा आणि अक्षरं ‘स्केल’मधून मोठी करा. मुलांना टीव्हीपासून जरा लांब बसवा आणि दर २० मिनिटांनी नजर दूर न्यायला सांगा.

‘डुप्लिकेट’वर असताना व्हॉट्सॲपचे मेसेज आणि बँकेचे ओटीपी सगळ्या हॉलला दिसतात, म्हणून नोटिफिकेशन बंद ठेवा.

आणि सर्वांत महत्त्वाचं: टीव्ही घरातल्या सगळ्यांचा आहे. दादींची मालिका, अब्बांच्या बातम्या आणि मुलांचा अभ्यास यांच्या वेळा आधीच बसून ठरवा. नाहीतर केबल लागते, पण अभ्यासाला टीव्ही मोकळा मिळतच नाही.