पडद्याआडचे निरोप

मधुमेहजन्य दृष्टिपटलविकार हा केशवाहिन्यांचा आजार म्हणून ओळखला जात असला, तरी त्याचे मूळ पेशींनी एकमेकींना पाठवलेल्या रासायनिक निरोपांत आहे. हे निरोप समजल्याखेरीज डोळ्यात दिल्या जाणाऱ्या इंजेक्शनांचे सामर्थ्य आणि त्यांची मर्यादा या दोन्ही गोष्टी नीट उमगत नाहीत. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात सुमारे १० कोटी १० लाख मधुमेही असून गोव्यात हे प्रमाण सर्वाधिक, म्हणजे २६.४ टक्के आहे. मुंबईच्या आदित्य ज्योत नेत्र रुग्णालयाने शहरातील झोपडपट्ट्यांत केलेल्या पाहणीत मधुमेहींपैकी सुमारे १५ टक्के व्यक्तींच्या दृष्टिपटलावर, अर्थात बोलीतल्या ‘पडद्यावर’, या विकाराच्या खुणा आढळल्या होत्या.

कोणतीही पेशी बाहेरचा निरोप आपल्या पृष्ठभागावरील ‘ग्राही’ नावाच्या प्रथिनांमार्फत स्वीकारते. ग्राहीला जुळणारा रेणू येऊन चिकटला की आतील विकरे एकामागून एक जागी होतात आणि अखेर केंद्रकातील एखादे जनुक चालू किंवा बंद होते. या साखळीलाच संदेशवहनाचा मार्ग म्हणतात. स्नायूंच्या पेशींत ग्लुकोजचा प्रवेश मुख्यतः इन्सुलिनच्या परवानगीने होतो, परंतु दृष्टिपटलाच्या केशवाहिन्यांतील अस्तरपेशींना तसे दार नसल्यामुळे रक्तात साखर वाढली की ती त्यांच्या आतही वाढते.

या वाढीव साखरेचे पुढे काय होते, याची सुसूत्र मांडणी अमेरिकी संशोधक मायकेल ब्राउनली यांनी २००१ साली केली. पेशीची ऊर्जाकेंद्रे असलेल्या तंतुकणिका अति इंधनामुळे सुपरऑक्साइड हा दाहक रेणू अधिक प्रमाणात तयार करतात, त्यामुळे ग्लुकोजच्या विघटनातील एक टप्पा मंदावतो आणि तुंबलेले मधले पदार्थ आडवाटांना लागतात. पहिल्या वाटेवर ग्लुकोजचे सॉर्बिटॉल होताना पेशीची संरक्षक द्रव्ये खर्ची पडतात. दुसरीवर साखरेचे अवशेष प्रथिनांना कायमचे चिकटून ‘रेज’ नावाच्या ग्राहीमार्फत दाह पेटवतात. तिसरीवर ‘प्रोटीन कायनेज सी’ हे विकर अवेळी जागे होते. आणि चौथ्या, हेक्सोसामाइनच्या वाटेवर प्रथिनांना शर्करेचे तुकडे जोडले जाऊन जनुकांचे नियंत्रण बिघडते.

याचा पहिला बळी ठरतात त्या केशवाहिन्यांना बाहेरून बिलगून आधार देणाऱ्या पेरिसाइट पेशी. त्या मेल्या की वाहिन्यांना फुगे येतात, काही वाहिन्या बंद पडतात आणि शरीरातील सर्वाधिक प्राणवायू वापरणाऱ्या ऊतींपैकी एक असलेल्या दृष्टिपटलाचे काही भाग उपाशी राहतात. प्राणवायू पुरेसा असताना ‘हिफ’ हे प्रथिन तयार होताच नष्ट केले जाते, परंतु तो घटला की ते टिकून केंद्रकात शिरते आणि ‘व्हीईजीएफ’ या वाहिनीवर्धक प्रथिनाचे जनुक चालू करते. पेशींच्या या प्राणवायूजाणिवेच्या उलगड्यासाठी २०१९ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक देण्यात आले. उपाशी दृष्टिपटल एखादे वाहिनीवर्धक द्रव्य सोडत असावे, असा तर्क आयझॅक मायकेलसन यांनी १९४८ सालीच केला होता. १९९४ साली लॉइड आयेलो आणि सहकाऱ्यांनी मधुमेहींच्या डोळ्यांतील द्रवात व्हीईजीएफ वाढलेले दाखवून त्याला पुरावा दिला.

व्हीईजीएफ म्हणजे वास्तविक मदतीची हाक होय. गर्भावस्थेत हीच हाक वाहिन्यांचे जाळे विणते. परंतु मधुमेही डोळ्यात ती ऐकून अस्तरपेशींमधील सांध्यांची प्रथिने सैल होतात, द्रव झिरपून पीतबिंदू, म्हणजे दृष्टिपटलाचा मध्यभाग, सुजतो, आणि नव्या वाहिन्या इतक्या ठिसूळ उगवतात की त्या फुटून डोळ्यात रक्तस्राव होतो.

उपचारांची तऱ्हाही याच साखळीवरून कळते. लेझर दृष्टिपटलाच्या कडेच्या उपाशी पेशी नष्ट करून हाक देणाऱ्यांची संख्याच घटवतो, तर बेव्हासिझुमॅब, रॅनिबिझुमॅब आणि अफ्लिबरसेप्ट ही इंजेक्शने हाक ग्राहीपर्यंत पोहोचण्याआधीच अडवतात. २०२२ साली अमेरिकेत मान्यता मिळालेले फॅरिसिमॅब त्याबरोबरच वाहिन्यांचे स्थैर्य बिघडवणाऱ्या ‘अँजिओपोएटिन-२’ लाही रोखते. याउलट, एकच आडवाट बंद करण्याचे प्रयत्न फसले: सॉर्बिटॉलची वाट अडवणाऱ्या सॉर्बिनिलचा १९९० च्या चाचणीत लाभ दिसला नाही, आणि प्रोटीन कायनेज सी रोखणाऱ्या रुबोक्सिस्टॉरिनला अमेरिकेत मान्यता मिळाली नाही. एक वाट बुजवली तरी उरलेल्या मोकळ्याच राहतात, हेच त्याचे संभाव्य कारण.

सर्व वाटांचे उगमस्थान असलेली साखर आटोक्यात ठेवली तर काय होते, याचे उत्तर मात्र १९९३ साली मिळाले. पहिल्या प्रकारच्या मधुमेहाच्या १,४४१ रुग्णांवरील अमेरिका-कॅनडातील चाचणीत, विकार नसलेल्यांमध्ये काटेकोर नियंत्रणामुळे तो उद्भवण्याचा धोका ७६ टक्क्यांनी घटला, आणि चाचणी संपल्यानंतरही हा लाभ अनेक वर्षे टिकला. पेशी जुने चांगले-वाईट दिवस लक्षात ठेवतात, असाच त्याचा अर्थ.

हे सारे निरोप वेदनेविना फिरतात आणि दृष्टी धूसर होईपर्यंत रुग्णाला काहीच जाणवत नाही. म्हणूनच दुसऱ्या प्रकारच्या मधुमेहात निदान होताच, पहिल्या प्रकारात पाच वर्षांच्या आत, आणि त्यानंतर नेत्रतज्ज्ञ सांगतील त्याप्रमाणे, सहसा दरवर्षी, बाहुली मोठी करणारे थेंब घालून पडद्याची तपासणी करून घ्यावी. चष्म्याचा नंबर तपासल्याने ही गरज भागत नाही.