हातोडी, ऐरण, रिकीब

"मुंडी फोडू नका, भाजूही नका," एवढं म्हटलं की पिंपरीतले आमचे मटणवाले आता कारण विचारत नाहीत. बारावीच्या जीवशास्त्रासाठी दरवर्षी मी एक मुंडी आणि रोहूचं एक डोकं घरी साफ करते.

रोहूला दहा मिनिटं गरम पाणी पुरतं. कातडी सुटते आणि डोक्याची हाडं ताटभर पसरतात. जबड्यात दात नाहीत, ते मागे घशात असतात. खालचा जबडासुद्धा अनेक हाडांचा. त्याच्या सांध्यातली दोन हाडं आणि जबड्याला कवटीशी धरून ठेवणारं तिसरं, अशी तीन मी वाटीत वेगळी काढते.

मुंडीचं काम सावकाशीचं. कुकर नाही, खळखळ उकळी नाही, मंद आचेवर काही तास. मांस हातानं काढायचं, भेजा मागच्या भोकातून पाण्याच्या धारेनं. मग जुना टूथब्रश, शेवटी हायड्रोजन पेरॉक्साइड. ब्लीच नाही, त्यानं हाड ठिसूळ होतं. करडू कोवळं असलं तर कवटीच्या दातेरी शिवणी अजून मोकळ्या दिसतात. मेंदू वाढायला जागा हवी. बाळाची टाळू भरायला साधारण दीड वर्ष लागतं, तेही त्याचसाठी.

करडाच्या खालच्या जबड्यात मात्र प्रत्येक बाजूला एकच हाड. बाकीची कुठे गेली? मी कानाच्या भोकात सुई घालते, कवटी हलकेच आपटते. तळहातावर तांदळाच्या दाण्याएवढं हाड पडतं. हातोडी.

१८३७ साली कार्ल रायखर्ट यांनी डुकरांचे गर्भ तपासून दाखवलं, की कानातली हातोडी आणि ऐरण ही जुन्या जबड्याच्या सांध्याचीच हाडं. रिकीब म्हणजे माशातलं ते तिसरं हाड.

वर्गातल्या बऱ्याच मुलांचे आईवडील चाकणच्या कंपन्यांत आहेत. नवं मॉडेल आणायचं तर तिथे लाइन थांबवून डाय बदलतात. कवटीला ती सवड नव्हती. प्रत्येक पिढीला खायचं होतं, ऐकायचं होतं. सुमारे २० कोटी वर्षांपूर्वीच्या मॉर्गन्युकोडॉन या आदिम प्राण्याला जबड्याचे दोन सांधे होते, जुना आणि नवा. नव्यानं भार उचलला, तेव्हा जुना कानाच्या कामाला मोकळा झाला.

पाळी सुटल्याचा भोंगा वाजतो. वर्ग आपसूक खिडकीकडे वळतो. वाटीतली ती तीन हाडं दाखवत मी म्हणते, "आत्ता ऐकलंत ना, ते यांच्यामुळे."